वागणे सारखे आहे असे कधी म्हणावे?

चिप बसवलेला पासपोर्ट तपासणी-यंत्राशी बिनतारी बोलतो. बोलण्याआधी तो एका गोष्टीची खात्री करून घेतो: समोरच्या यंत्राने आपले छापील पान पाहिले आहे की नाही. पानावरचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांतून एक किल्ली तयार होते. ती ज्याच्याकडे नाही त्याला चिप नकार देते. त्यामुळे गर्दीत कोणी लपवलेले यंत्र घेऊन उभा राहिला, तरी कालचा प्रवासी आणि आजचा प्रवासी एकच आहे का हे त्याला कळू नये, अशी अपेक्षा होती. २०१० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील टॉम चोथिया आणि विताली स्मिर्नोव्ह यांनी दाखवून दिले की ते कळते. अधिकृत यंत्राने पासपोर्टला पाठवलेला एक संदेश टिपून ठेवायचा आणि पुढे समोर येईल त्या पासपोर्टला तोच ऐकवायचा. परक्या पासपोर्टला पहिल्याच तपासणीत समजते की हा संदेश आपल्या किल्लीने बांधलेला नाही. मूळ पासपोर्टची ही तपासणी पार पडते, कारण किल्ली त्याचीच असते. पण संदेशातला यादृच्छिक आकडा जुना असल्यामुळे दुसऱ्या तपासणीत तो अडतो. फ्रान्सच्या पासपोर्टांत या दोन नकारांचे संकेतांक वेगळे होते. इतर देशांच्या पासपोर्टांत संकेतांक एकच होता, तरी दुसऱ्या नकाराला किंचित जास्त वेळ लागे, आणि तेवढा वेळ मोजता येई. संदेशाचे कूट कोणीही फोडले नव्हते. दोन नकारांत फरक होता, तेवढ्याने काम भागले.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन पासपोर्ट सारखेच वागताना दिसले पाहिजेत, ही त्या पासपोर्टकडून केलेली मागणी होती. हे पुस्तक अशाच मागण्यांविषयी आहे. सारखे वागणे म्हणजे नेमके काय, पाहणारा कोण आणि त्याला काय काय करता येते, आणि सारखी वागणारी दोन यंत्रे एखाद्या मोठ्या यंत्रणेत एकमेकांच्या जागी बसवली तर ते सारखेपण टिकते का, हे यातले मुख्य प्रश्न. त्यांची उत्तरे शोधताना दोन शास्त्रशाखा एकमेकींना भेटल्या: एक प्रोसेस कॅल्क्युलसची, दुसरी ग्राफ-परिवर्तनाची. या भेटीतून जे निघाले त्याविषयी माझे एक ठाम मत आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. सारखेपणाची कसोटी ज्याने त्याने आपल्या पसंतीने ठरवू नये. यंत्रणा कशी बदलते याचे नियम एकदा लिहून झाले की कसोटीचा बहुतेक सगळा भाग त्या नियमांतूनच काढता येतो, आणि तसाच तो काढला पाहिजे.

संगणकशास्त्राच्या सुरुवातीच्या काळात या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटत असे. प्रोग्रॅमला काही द्यावे, त्याने काही परत करावे आणि थांबावे. दिलेले सारखे असताना मिळालेले सारखे आले, तर दोन प्रोग्रॅम सारखे. पण ऑपरेटिंग सिस्टिम थांबत नाही, टेलिफोन एक्स्चेंज थांबत नाही, बँकेचा सर्व्हर थांबला तर ती बिघाडाची खूण. अशा यंत्रणांना शेवटचे उत्तर असे नसतेच. त्या भोवतालाशी जो संवाद करत राहतात तोच त्यांचा अर्थ. मग संवादांच्या नोंदी तपासाव्यात, असे पहिल्यांदा सुचते. क्रियांच्या अशा क्रमवार नोंदीला ट्रेस म्हणतात. दोन यंत्रणांचे सगळे शक्य ट्रेस जुळले तर त्या सारख्या, ही कसोटी ऑटोमॅटांच्या सिद्धांतातून आयती मिळत होती.

ती अपुरी कशी, हे चहा-कॉफीच्या यंत्रावरून पाहू. पहिल्या यंत्रात नाणे टाकले की चहा आणि कॉफी ही दोन्ही बटणे चालू होतात. हवे ते दाबा. दुसऱ्या यंत्रात नाणे पडताक्षणी यंत्रच आतल्या आत ठरवते की आता फक्त चहा, किंवा आता फक्त कॉफी. दोघांचेही ट्रेस सारखेच आहेत: नाणे मग चहा, नाणे मग कॉफी. नोंदवही पाहून या दोन यंत्रांत कोणालाही भेद करता येणार नाही. पण ज्याला चहा हवा आहे आणि ज्याचे नाणे आत गेले आहे त्याला तो फरक चांगलाच कळतो. निवड कोणी केली आणि कोणत्या क्षणी केली, ही माहिती ट्रेसमध्ये उरतच नाही.

एडिंबरामध्ये रॉबिन मिलनर यांनी हा फरक आपल्या सिद्धांताच्या केंद्रस्थानी आणला. १९८० मध्ये त्यांचे सीसीएस या कॅल्क्युलसवरचे पुस्तक आले. त्यात संवाद करणाऱ्या प्रक्रिया बीजगणितातल्या पदांसारख्या लिहिल्या जातात: ही क्रिया करून मग ती, हे किंवा ते, दोघे शेजारी शेजारी चालू, हे नाव बाहेरच्यांपासून लपवलेले. त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये टोनी होअर सीएसपी ही तशीच दुसरी पद्धत घडवत होते. त्यांच्या गटाने ट्रेसला एक जोड दिली: अमुक इतके झाल्यावर प्रक्रिया कशाला नकार देऊ शकते याचीही नोंद ठेवायची. तेवढ्यानेही वरची दोन यंत्रे वेगळी ओळखता येतात. दोन्ही वाटा आजही चालू आहेत. मला मिलनर यांची वाट जास्त खोल जाणारी वाटते आणि हे पुस्तक तिच्यावरूनच चालते.

मिलनर यांची पहिली व्याख्या पायरीपायरीने होती. दोन प्रक्रिया शून्य पावलांपर्यंत सारख्याच, मग एका पावलापर्यंत सारख्या, मग दोन, आणि असे कितीही पावलांपर्यंत सारखेपण टिकले तर त्या सारख्या. डेव्हिड पार्क हे वॉरिकचे संगणकशास्त्रज्ञ तेव्हा एडिंबराला मिलनर यांच्या घरी उतरले होते. एके सकाळी न्याहारीला ते मिलनर यांचे पुस्तक हातात घेऊनच आले आणि म्हणाले, यात काहीतरी चुकले आहे. एखाद्या अवस्थेतून अगणित दिशांना जाता येत असेल, तर मर्यादित पावलांच्या सगळ्या कसोट्या उतरूनही दोन प्रक्रिया खऱ्या अर्थाने सारख्या नसू शकतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. पायऱ्या चढत जाण्याऐवजी पार्क यांनी एकदमच मागणी केली: प्रक्रियांच्या जोड्यांचा असा एक संच दाखवा की त्यातल्या कोणत्याही जोडीपैकी एकीने कोणतेही पाऊल टाकले, तर दुसरीला तेच पाऊल टाकता यावे आणि नंतर तयार होणारी जोडीही त्याच संचात सापडावी, आणि हे दोन्ही बाजूंनी लागू असावे. असा संच म्हणजे बायसिम्युलेशन. ज्या दोन प्रक्रिया अशा एखाद्या संचात बसतात त्या सारख्या. पार्क यांचा निबंध १९८१ चा. तर्कशास्त्रात योहान व्हान बेंथेम यांनी १९७६ मध्येच मोडल लॉजिकसाठी हीच कल्पना मांडली होती. दोन्ही ठिकाणी ती एकमेकांना न विचारता उगवली, यावरून ती किती नैसर्गिक आहे ते दिसते.

या व्याख्येशी वाचकाने थोडा वेळ थांबावे, अशी माझी विनंती आहे. आपल्याला गणितात विगमनाची सवय असते: पाया घालायचा आणि त्यावरून वर जायचे. इथे पाया नाही. प्रक्रिया कधीच संपत नसल्या तरी सिद्धता संपते, कारण आपण फक्त एक संच दाखवतो आणि त्यातून कोणी बाहेर पडत नाही एवढे तपासतो. सारखेपण नाही हे दाखवायचे असेल तर तेही तितकेच नेटके होते. मॅथ्यू हेनेसी आणि मिलनर यांनी एक छोटे तर्कशास्त्र रचले, ज्यात 'नाणे टाकल्यावर अशी अवस्था येऊ शकते की जिच्यात चहा मिळणे अशक्य' यांसारखी वाक्ये लिहिता येतात. हे वाक्य दुसऱ्या यंत्राबद्दल खरे आहे, पहिल्याबद्दल खोटे. प्रत्येक अवस्थेतून एका क्रियेने मर्यादित ठिकाणीच जाता येत असेल, तर दोन प्रक्रिया बायसिम्युलेशनने सारख्या नसताना असे भेद करणारे वाक्य नेहमी सापडते. म्हणजे भांडण झाले तर पुरावा हातात ठेवता येतो.

आणखी एक गोष्ट पहिल्यांदा वाचताना खरी वाटत नाही. बायसिम्युलेशन ही ट्रेसपेक्षा बारीक कसोटी. ती तपासणे जास्त अवघड असेल असे कोणीही म्हणेल. मर्यादित अवस्थांच्या यंत्रणांसाठी ते उलट आहे. ट्रेस जुळतात का हा प्रश्न पीस्पेस-पूर्ण, म्हणजे व्यवहारात झपाट्याने हाताबाहेर जाणारा. बायसिम्युलेशनसाठी मात्र रॉबर्ट पेज आणि रॉबर्ट टार्जन यांच्या १९८७ च्या पद्धतीने संक्रमणांची, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत नेणाऱ्या पावलांची, संख्या गुणिले अवस्थांच्या संख्येचा लॉगरिदम एवढ्याच श्रमात उत्तर मिळते.

कोणती कसोटी लावायची हा केवळ विद्वानांचा वाद नाही, हे पासपोर्टच्याच पुढच्या कथेने सिद्ध केले. सगळ्या नकारांना एकच उत्तर द्यायचे ठरवले की आंतरराष्ट्रीय मानकातला प्रोटोकॉल निर्धोक होतो, असे नंतर बरीच वर्षे मानले जात होते, आणि ट्रेससारखी सैल कसोटी घेऊन तशी सिद्धताही देता येते. २०१९ मध्ये लक्झेंबर्ग विद्यापीठातील इहोर फिलिमोनोव्ह, रॉस हॉर्न, श्यूके माऊ आणि झॅक स्मिथ यांनी बायसिम्युलेशनची कसोटी लावली, तेव्हा मानकाबरहुकूम चालणाऱ्या प्रोटोकॉलमध्येही दोन वापर एकाच पासपोर्टचे आहेत हे जोडणारा मार्ग निघाला. हल्लेखोर प्रत्येक क्षणी पाहून पुढचे पाऊल ठरवतो. ट्रेस फक्त झालेल्याची नोंद ठेवतो. भारतातही २०२४ पासून चिपचे पासपोर्ट टप्प्याटप्प्याने मिळू लागले आहेत, तेव्हा आपल्या खिशातल्या वस्तूंबद्दलही हे प्रश्न विचारता आले पाहिजेत.

आता बदलीचा प्रश्न. प्रक्रिया आतल्या आत काही हालचाल करते आणि ती बाहेरून दिसत नाही. अशा मूक पावलांकडे दुर्लक्ष करणारे सौम्य बायसिम्युलेशन व्यवहारात जास्त उपयोगी पडते. एक यंत्र सरळ चहा देते, दुसरे आतली एक कळ गुपचूप फिरवून मग चहा देते. बाहेरच्याला दोन्ही सारखीच. आता दोघांनाही शेजारी कॉफीचा पर्याय जोडा. पहिल्यात चहा किंवा कॉफी, हवे ते. दुसऱ्यात मात्र आतली कळ आपोआप फिरून गेली तर कॉफीचा पर्याय नाहीसा होतो. सुटे असताना सारखे, जोडल्यावर वेगळे. ज्या समतेत सारख्याच्या जागी सारखे ठेवता येत नाही तिच्यावर अभियंत्याने विसंबू नये, कारण मोठी यंत्रणा सुट्या भागांतूनच समजून घ्यायची असते. कोणत्याही संदर्भात टिकणाऱ्या समतेला काँग्रुअन्स म्हणतात. मिलनर यांनी वरच्या उदाहरणाचा बंदोबस्त पहिल्या मूक पावलाला मूक पावलानेच उत्तर मागून केला. पण ती एका कॅल्क्युलसपुरती दुरुस्ती होती.

पुढे कॅल्क्युलसांची संख्या वाढली. १९९२ मध्ये मिलनर, योआकिम पारो आणि डेव्हिड वॉकर यांचे पाय-कॅल्क्युलस आले, ज्यात संदेशवाहिनीचे नावच संदेश म्हणून पाठवता येते, आणि त्यामुळे कोण कोणाशी जोडलेले आहे हे चालता चालता बदलते. त्यासाठी बायसिम्युलेशनच्या एकापेक्षा जास्त व्याख्या निघाल्या आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. इतर कॅल्क्युलसांचीही हीच गत. रॉब व्हान ग्लाबेक यांनी १९९० मध्ये अशा समतांचा नकाशाच काढला; ट्रेसपासून बायसिम्युलेशनपर्यंत त्यांची मोठी जाळी आहे. नकाशा मौल्यवान आहे, पण यातली कोणती कसोटी घ्यायची हा प्रश्न तो सोडवत नाही.

दरम्यान नियम लिहिण्याची रीतही बदलली होती. जेरार बेरी आणि जेरार बुदोल यांनी १९९० मध्ये रासायनिक यंत्राची मांडणी केली: प्रक्रिया द्रावणात मोकळ्या फिरतात आणि जुळणाऱ्या दोन भेटल्या की अभिक्रिया घडते. नियम अगदी थोडके होतात. पण एक अडचण उभी राहते. अभिक्रियेचा नियम फक्त सांगतो की आत काय घडते. बाहेरून काय दिसते हे सांगणारी लेबले त्यात नसतात, आणि बायसिम्युलेशनला तर लेबले लागतात. मिलनर आणि दाविदे सांजोर्जी यांनी १९९२ मध्ये सुचवले की प्रक्रिया बाहेर बोलायला तयार आहे की नाही एवढेच पाहावे आणि ते प्रत्येक शक्य संदर्भात पाहावे. व्याख्या निर्दोष आहे, पण प्रत्येक शक्य संदर्भ म्हणजे अनंत तपासण्या.

पीटर सेवेल यांनी १९९८ मध्ये आणि जेमी लायफर व मिलनर यांनी २००० मध्ये यावर जो तोडगा काढला तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर विचार वाटतो. लेबल म्हणजे काय? प्रक्रियेला अभिक्रिया घडवून आणण्यासाठी भोवतालाकडून कमीत कमी जे हवे आहे तेच तिचे लेबल. कमीत कमी या अटीवर सगळा भार आहे: अनावश्यक सामान आणणारे संदर्भ गळून पडतात आणि अनंत तपासण्यांची जागा मोजक्या तपासण्या घेतात. ही अट गणिती नेमकेपणाने मांडायला लायफर आणि मिलनर यांनी कॅटेगरी थिअरीतल्या सापेक्ष पुशआउटचा आधार घेतला आणि सिद्ध केले की असे पुशआउट जिथे उपलब्ध असतात तिथे मिळणारे बायसिम्युलेशन आपोआप काँग्रुअन्स असते. कॅल्क्युलस कोणतेही असो, सिद्धता एकच.

ग्राफांची शाखा इथे येऊन मिळाली. ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा. १९७३ मध्ये हार्टमुट एरिग, मिखाएल फेंडर आणि हान्स युर्गेन श्नायडर यांनी ग्राफ बदलण्याच्या नियमांना बीजगणिती रूप दिले. नियमाचे तीन भाग: आधी काय असावे, त्यातले काय राखावे, शेवटी काय व्हावे. मोठ्या ग्राफात पहिला भाग सापडला की राखायचे सोडून बाकीचे काढायचे आणि तिथे नवे चिकटवायचे. बिंदू काढताना एखादी कडा लोंबकळत राहणार असेल, तर नियम लागूच होत नाही. प्रक्रिया अशा ग्राफांत लिहिल्या की लिखाणाने उगाच निर्माण केलेले भेद नाहीसे होतात. डावीकडे कोण लिहिले आणि उजवीकडे कोण, कंस कुठे पडले, आतल्या नावाला कोणते अक्षर दिले, हे सारे फरक ग्राफात दिसतच नाहीत. शेजारी चालणाऱ्या प्रक्रिया तिथे खरोखरच शेजारी असतात. सोबोचिन्स्की आणि सास्सोने या संशोधकांनी मात्र दाखवले की हुबेहूब सारख्या दोन कडांपैकी कोणती कोणती हे विसरून चालत नाही, आणि त्यासाठी लायफर-मिलनर यांच्या रचनेला जोड दिली.

एरिग आणि बार्बारा क्योनिग यांचा २००४ चा निबंध हा या पुस्तकाचा मध्य आहे. त्यांनी प्रत्येक ग्राफाला एक दर्शनी भाग दिला: भोवतालाला जिथे जोडून घेता येईल असे बिंदू. मग नियमाचा पहिला भाग ग्राफात पुरता सापडत नसला, अर्धवटच सापडत असला, तरी उरलेला तुकडा दर्शनी भागातून भोवतालाकडून उसना घ्यायचा आणि नियम चालवायचा. लेबल म्हणजे हा उसना घेतलेला तुकडा. सीसीएसमध्ये देणारा आणि घेणारा एकाच नावाच्या बिंदूला लागलेले असले की संवाद होतो, हा एकच मुख्य नियम. ग्राफात फक्त देणारा असेल तर त्याला त्या बिंदूवर घेणारा उसना आणावा लागतो. म्हणजेच मिलनर यांनी ज्याला 'या नावावर देणे' असे लेबल लावले होते ते इथे न सांगता मिळते. आणि ते नाव लपवलेले असेल, तर त्याचा बिंदू दर्शनी भागात नसतो, भोवताल तिथे काही देऊ शकत नाही, आणि लेबलही निघत नाही. फिलिप्पो बोंकी, फाबियो गादुच्ची आणि क्योनिग यांनी २००६ मध्ये हे तपशिलाने सिद्ध केले: अशा रीतीने यंत्रवत काढलेले बायसिम्युलेशन आणि मिलनर यांनी प्रतिभेने ठरवलेले बायसिम्युलेशन एकच आहे. मिलनर यांची निवड बरोबर होती हे तर यातून कळतेच. ती निवड नियमांतच दडलेली होती, हेही कळते.

सुरुवातीला मी 'बहुतेक सगळा भाग' असे म्हटले, त्याचे कारण आता सांगतो. नियमांतून काढलेले सारखेपण पुष्कळदा गरजेपेक्षा कडक निघते. उसना तुकडा जुळला नाही म्हणून ते दोन प्रक्रियांना वेगळे ठरवते, जरी कोणत्याही संदर्भात त्यांच्यात फरक दिसत नसला तरी. बोंकी, क्योनिग आणि उगो मॉन्तानारी यांनी २००६ मध्ये यासाठी उत्तर देताना थोडी ढील दिली. लुका कार्डेली आणि अँड्र्यू गॉर्डन यांच्या मोबाइल अँबियंट्ससारख्या कॅल्क्युलसात तर बाहेरून दिसणारी एखादी मूलभूत खूण वेगळी सांगावीच लागते. तिथे माणसाची निवड पुन्हा शिरते. मला याचे वाईट वाटत नाही, कारण आता ती निवड एका ठिकाणी, उघडपणे लिहिलेली असते. दुसरी मर्यादा जास्त मूलभूत आहे: ग्राफ-परिवर्तनाचे नियम कोणतीही गणना करू शकतात, म्हणून कोणत्याही दोन ग्राफांचे वागणे सारखे आहे का याचे उत्तर देणारी एकच यांत्रिक पद्धत असूच शकत नाही. यंत्रणांच्या प्रत्येक वर्गासाठी वेगळी युक्ती लागते, आणि सातव्या प्रकरणात अशा काही युक्त्या आहेत. त्यांतली एक सॉफ्टवेअरच्या आराखड्यांची पुनर्रचना करताना वागणूक बदलली नाही हे दाखवायला वापरली गेली आहे.

वाचकाला संच आणि फलने यांची ओळख असावी, एवढीच अपेक्षा आहे. कॅटेगरी थिअरी आधी माहीत असण्याची गरज नाही. पुशआउट चौथ्या प्रकरणात ग्राफ चिकटवण्यावरूनच शिकवला आहे आणि त्याची सर्वसाधारण व्याख्या नंतर येते. पहिल्या तीन प्रकरणांतली उदाहरणे कागदावर स्वतः सोडवावीत, विशेषतः बायसिम्युलेशनचे संच हाताने मांडण्याची. पाचव्या प्रकरणातली उसन्या तुकड्यांची गणिते सुरुवातीला संथ वाटतील. तिथे सीसीएसच्या एका छोट्या प्रक्रियेची सगळी लेबले एकामागून एक काढली आहेत आणि एकही पायरी गाळलेली नाही. मूक पावलांसाठी ही रीत कशी वाढवायची, या प्रश्नावर अजून काम चालू आहे. शेवटचे प्रकरण त्याविषयी आहे, आणि त्यातली शेवटची दोन उदाहरणे पूर्ण सोडवलेली नाहीत.